कोरसचे कर्ज आणि मुदतीचे मोल

३० जानेवारी २००७ च्या रात्री लंडनमध्ये सुरू झालेला लिलाव दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत चालला. बोलीच्या नऊ फेऱ्या झाल्या. ब्राझीलची ‘सीएसएन’ कंपनी ६०३ पेन्सवर थांबली आणि प्रति समभाग ६०८ पेन्स या भावाने ‘कोरस’ ही अँग्लो-डच पोलाद कंपनी टाटा स्टीलच्या पदरात पडली. ऑक्टोबर २००६ मध्ये टाटांनी देऊ केलेला पहिला भाव ४५५ पेन्स होता. अवघ्या साडेतीन महिन्यांत त्याच कारखान्यांची, त्याच भट्ट्यांची किंमत एक तृतीयांशाने चढली. एकूण हिशेब ६.२ अब्ज पौंडांवर गेला. तेव्हाच्या विनिमय दराने पन्नास हजार कोटी रुपयांहून अधिक. तोवर कोणत्याही भारतीय कंपनीने परदेशात एवढी मोठी खरेदी केलेली नव्हती. वर्षाला सुमारे ५० लाख टन पोलाद करणाऱ्या जमशेदपूरच्या कंपनीने आपल्या तिपटीहून मोठी कंपनी विकत घेतली, याचे देशभर अप्रूप होते. शेअर बाजाराची प्रतिक्रिया मात्र निराळी होती. त्या एका दिवसात टाटा स्टीलचा समभाग सुमारे दहा टक्क्यांनी आपटला.

बाजाराला धसका होता तो कर्जाचा. त्यानंतरच्या दीड तपाचा इतिहास पाहता हा धसका अगदीच अनाठायी होता, असे म्हणता येत नाही. कंपनी बुडाली नाही. एकाही मोठ्या रोख्याची परतफेड चुकली नाही. तरीही त्या पहाटे अंगावर घेतलेल्या ओझ्याचा हिशेब पुढची सतरा-अठरा वर्षे मिटला नाही. मोठी कंपनी दीर्घ मुदतीचे कर्ज कसे घेते, कसे वागवते आणि त्याचा भार शेवटी कोणाच्या खांद्यावर जाऊन पडतो, हे समजून घ्यायला यापेक्षा बोलके उदाहरण भारतीय उद्योगजगतात क्वचितच सापडेल.

मुळात कंपनीचे कर्ज आणि घरगुती कर्ज यांत मोठा फरक आहे. मध्यमवर्गीय माणूस घरासाठी कर्ज काढतो तेव्हा दरमहा हप्त्यात थोडे व्याज, थोडे मुद्दल जाते. वीस वर्षांनी बोजा उतरतो आणि कागदपत्रे बँकेतून घरी येतात. मोठ्या कंपनीच्या रोख्यांची रीत वेगळी असते. मुदतभर फक्त व्याज द्यायचे आणि अखेरच्या दिवशी सगळे मुद्दल एकरकमी परत करायचे. पाचशे दशलक्ष किंवा एक अब्ज डॉलर एका दिवशी तिजोरीतून काढून देणे कोणालाच सहज शक्य नसते. त्यामुळे तो दिवस उगवण्याच्या आधी वर्ष-दीड वर्ष नवे कर्ज उभे करण्याची खटपट सुरू होते. जुना सावकार जातो, नवा येतो. कर्ज जागेवरच राहते. सामान्य माणसाच्या दृष्टीने ही याची टोपी त्याच्या डोक्यावर घालण्यातली गत झाली, आणि त्याने तसे केले तर शेजारीपाजारी नाके मुरडतील. उद्योगात मात्र यालाच वित्तव्यवस्थापन म्हणतात आणि त्यासाठी स्वतंत्र खाते, स्वतंत्र उपाध्यक्ष नेमलेले असतात. साहजिकच कंपनीच्या वित्त विभागाचे पहिले काम कर्ज कमी करणे हे नसते. निरनिराळ्या कर्जांच्या तारखा एकमेकींवर आदळणार नाहीत, हे पाहणे हे त्याचे पहिले काम असते.

कोरसच्या खरेदीचा आराखडा या दृष्टीने मोठा चतुर होता. रकमेचा एक भाग टाटा स्टीलने स्वतःच्या भांडवलातून आणि स्वतःच्या नावावर काढलेल्या कर्जातून घातला. सुमारे निम्म्या रकमेचे कर्ज मात्र त्याच कारणासाठी ब्रिटनमध्ये स्थापन केलेल्या उपकंपनीने काढले. त्याची परतफेड कोरसच्या स्वतःच्या मिळकतीतून व्हायची होती आणि ती न झाल्यास धनकोंना जमशेदपूरच्या मालमत्तेवर हक्क सांगता येणार नव्हता. म्हणजे जी गाय विकत घ्यायची, तिच्याच दुधावर तिची किंमत फेडायची, आणि गाय भाकड निघाली तर घरावर जप्ती येऊ नये अशी तजवीज करून ठेवायची. मायदेशातील कंपनी आणि परदेशातील कर्ज यांच्यामध्ये कायद्याने बांधलेली ही भिंत होती. ती कागदावर भक्कम होती. पुढे तिचे काय झाले, हा या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

जमशेदपूरच्या बाजूने जो पैसा उभा करायचा होता, त्यातला काही भागधारकांकडून आला. २००७ मध्ये प्रत्येक पाच समभागांमागे एक समभाग ३०० रुपयांना देऊ करणारी हक्कभाग विक्री झाली आणि तिच्या जोडीला परिवर्तनीय अग्रहक्क भागही देण्यात आले. याच वर्षी कंपनीने परदेशी गुंतवणूकदारांना ८७.५ कोटी डॉलरचे परिवर्तनीय रोखे विकले. त्यांवरील व्याज होते वर्षाला अवघा एक टक्का. एवढे स्वस्त कर्ज कोण देतो, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तर रोख्याच्या रचनेत होते. समभागाचा भाव ठरावीक पातळीच्या वर गेला तर रोखेधारकाने समभाग घ्यायचे. तो गेला नाही तर २०१२ मध्ये मुद्दलापेक्षा सुमारे २३ टक्के अधिक रक्कम रोख घ्यायची. तेजीच्या दिवसांत दुसऱ्या शक्यतेचा विचार कोणी फारसा गांभीर्याने करत नाही. एक टक्क्याचा आकडा जाहिरातीपुरता होता. खरे व्याज मुदतीच्या अखेरीस दबा धरून बसले होते.

तेजी वर्षभरच टिकली. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली आणि युरोपातील मोटारी, इमारती, यंत्रे यांची मागणी काही आठवड्यांत आटली. कोरसला भट्ट्या थंड कराव्या लागल्या. इंग्लंडच्या ईशान्येकडील टीसाइड येथील कारखान्याचे बहुतांश उत्पादन घेण्याचा दीर्घ करार केलेल्या चार परदेशी कंपन्यांच्या गटाने २००९ मध्ये अंग काढून घेतले. तो कारखाना फेब्रुवारी २०१० मध्ये बंद ठेवावा लागला आणि वर्षभराने थायलंडच्या ‘एसएसआय’ला ४६.९ कोटी डॉलरना विकला गेला.

अशा वेळी कर्जाच्या रकमेपेक्षा करारातील बारीक अक्षरे अधिक जाचतात. मोठ्या कर्जाच्या करारात परतफेडीच्या तारखांखेरीज अनेक अटी घातलेल्या असतात. ढोबळ नफा व्याजाच्या इतक्या पट राहिला पाहिजे, कर्ज नफ्याच्या इतक्या पटीहून अधिक असता कामा नये, अमुक मालमत्ता धनकोंच्या संमतीवाचून विकता येणार नाही, अशी ही जंत्री असते. हप्ता वेळेवर गेला तरी यातली एखादी अट मोडली, तर करारभंग होतो आणि संपूर्ण कर्ज ताबडतोब मागण्याचा अधिकार धनकोंना मिळतो. कर्ज सात वर्षांचे असो की दहा, नफा कोसळला की ते एका तिमाहीत ‘उद्या द्या’ प्रकारचे होऊ शकते. दीर्घ मुदतीचे म्हणून मिरवणारे कर्ज संकटात अल्प मुदतीचे होऊन समोर उभे ठाकते ते असे. २००९ मध्ये कोरसच्या धनको बँकांशी वाटाघाटी करून टाटांनी या अटी शिथिल करून घेतल्या. बँकांनी हे धर्मादाय म्हणून केले नाही. लेहमननंतरच्या त्या वर्षात पोलादाचा एक अख्खा कारखाना ताब्यात घेऊन तो विकायला काढणे बँकांनाही परवडणारे नव्हते.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे हा मुदत मिळवण्याचा खटाटोप अव्याहत चालू होता. जुलै २००९ मध्ये परदेशात ५० कोटी डॉलरच्या जागतिक ठेव पावत्या विकल्या गेल्या. त्याच वर्षाअखेरीस त्या एक टक्क्याच्या रोख्यांचा प्रश्न पुढ्यात आला. समभागाचा भाव रूपांतराच्या ठरलेल्या पातळीच्या आसपासही नव्हता आणि २०१२ जवळ येत होते. कंपनीने रोखेधारकांपुढे नवा प्रस्ताव ठेवला : जुने रोखे परत करा, त्यांच्या बदल्यात २०१४ मध्ये देय असणारे साडेचार टक्क्यांचे नवे परिवर्तनीय रोखे घ्या. निम्म्याहून अधिक रकमेच्या रोखेधारकांनी तो मान्य केला. सुमारे ४९ कोटी डॉलरचे जुने रोखे गेले आणि त्यांच्या जागी सुमारे ५५ कोटी डॉलरचे नवे आले. दोन वर्षांची मुदत मिळाली. तिची किंमत होती वाढलेले मुद्दल आणि चौपटीहून अधिक व्याजदर. २०१० मध्ये खरेदीच्या मूळ कर्जापैकी सुमारे साडेतीन अब्ज पौंडांचे कर्ज नव्या करारात बसवून पुढे ढकलण्यात आले. जानेवारी २०११ मध्ये जनतेला ६१० रुपये दराने समभाग विकून सुमारे ३,४७७ कोटी रुपये उभे केले गेले.

त्याच वर्षी कंपनीने भारतीय रोखेबाजारात एक नवाच प्रकार आणला. मार्च २०११ मध्ये तिने १,५०० कोटी रुपयांचे असे रोखे काढले की ज्यांना परतफेडीची तारीखच नव्हती. व्याज ११.८ टक्के. दहा वर्षांनंतर कंपनीला वाटले तर ती ते परत घेऊ शकत होती. न घेतल्यास व्याजदर आणखी वाढणार होता. मे महिन्यात साडेअकरा टक्के दराचे आणखी ७७५ कोटींचे तसलेच रोखे आले. बँकांखेरीज इतर कोणा भारतीय कंपनीने तोवर हा मार्ग चोखाळला नव्हता. मुदतच नाही म्हटल्यावर हे कर्ज की भांडवल, असा प्रश्न निर्माण होतो आणि तो निर्माण व्हावा हाच रचनेचा हेतू असतो. ताळेबंदात अशी रक्कम भांडवलासारखी दाखवता येते, त्यामुळे कर्जाचे भांडवलाशी असलेले गुणोत्तर सोज्वळ दिसते आणि पतमानांकन संस्थाही तिचा काही भाग भांडवल म्हणून धरतात. व्याज मात्र कर्जासारखे, किंबहुना चढ्या दराने, वर्षानुवर्षे द्यावे लागते. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, कंपनीने हे दोन्ही रोखे परत घेतले. ‘अनंत’ मुदतीचे कर्ज बरोबर एका दशकात संपले.

हे सारे चालू असताना ज्या गायीच्या दुधावर भिस्त होती ती सावरत नव्हती. युरोपातील पोलादाची मागणी २००७ च्या पातळीला परतली नाही आणि चीनमधून स्वस्त पोलादाचा लोंढा सुरू झाला. मे २०१३ मध्ये टाटा स्टीलने सुमारे १.६ अब्ज डॉलरचे मूल्य ताळेबंदातून पुसून टाकले. त्यात मोठा वाटा कोरसच्या खरेदीपोटी मोजलेल्या वाढीव किमतीचा होता. २०१२-१३ या वर्षाचा एकत्रित तोटा सात हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. मालमत्तेचे मूल्य असे लेखणीच्या एका फटकाऱ्याने कमी करता येते. ती घेण्यासाठी काढलेले कर्ज मात्र कमी करता येत नाही. लिलावाच्या त्या पहाटे चढलेले पेन्स कारखान्याच्या किमतीतून निघून गेले आणि कर्जाच्या खात्यावर तेवढे उरले.

मग वित्त विभागाचा दुसरा मार्ग आला : जे विकता येईल ते विकणे. ओडिशातील धामरा बंदरातील हिस्सा २०१४ मध्ये अदानी समूहाकडे गेला. मुंबईकरांच्या रोजच्या वाटेवरचे उदाहरण बोरिवली पूर्वेचे. पश्चिम द्रुतगती महामार्गालगतची कंपनीची सुमारे २५ एकर जमीन त्याच वर्षी ओबेरॉय रिअल्टीने १,१५५ कोटी रुपयांना घेतली. तिथे आज गगनचुंबी इमारती उभ्या आहेत. वेल्समधील भट्टीचे कर्ज आणि बोरिवलीतला चौरस फुटाचा भाव यांचा संबंध वाटसरूच्या मनातही येणार नाही. कंपनीच्या ताळेबंदात मात्र पैशाला गाव नसते. २०१७ मध्ये टाटा मोटर्सचे समभाग टाटा सन्सला विकून आणखी पावणेचार हजार कोटींहून अधिक रुपये आले.

२०१४ हे वर्ष आणखी एका कारणासाठी लक्षात घेण्याजोगे आहे. जुलैमध्ये कंपनीने आपल्या परदेशी उपकंपनीमार्फत दीड अब्ज डॉलरचे रोखे विकले. त्यांपैकी ५० कोटी डॉलर २०२० मध्ये देय होते, दर ४.८५ टक्के, एक अब्ज डॉलर २०२४ मध्ये देय, दर ५.९५ टक्के. चार वर्षे अधिक हवीत तर दरसाल १.१ टक्का अधिक मोजा, असा हा व्यवहार. पाठोपाठ युरोपातील जुन्या बँककर्जाचीही फेररचना झाली. पतमानांकन तेव्हा गुंतवणूकयोग्य श्रेणीच्या खाली होते. कोरसच्या खरेदीनंतर गेलेली ती श्रेणी ‘एस अँड पी’कडून परत मिळायला २०२१ उजाडावे लागले. मधल्या काळात प्रत्येक नव्या कर्जावर त्या घसरलेल्या पतीचा अधिभार पडत राहिला. असे असूनही ओडिशातील कलिंगनगरचा नवा कारखाना २०१५ मध्ये उभा राहिला. कर्जाच्या तारखा पुढे ढकलण्यातून जी सवड मिळाली ती केवळ जुनी भोके बुजवण्यात गेली नाही, हे कंपनीच्या बाजूने नोंदवायला हवे.

अशी सवड ज्यांना मिळाली नाही त्यांचे काय झाले, हे याच सुमारास दिसले. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेली ‘आयएल अँड एफएस’ रस्ते, बोगदे, वीजप्रकल्प अशा वीस-तीस वर्षांच्या कामांत पैसा गुंतवत होती आणि तो पैसा मोठ्या प्रमाणावर काही महिन्यांच्या हुंड्यांतून उभा करत होती. ऑगस्ट २०१८ पर्यंत तिचे पतमानांकन सर्वोच्च होते. सप्टेंबरमध्ये तिने एकामागून एक देणी थकवली आणि १ ऑक्टोबर रोजी सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली नवे मंडळ नेमले. समूहाचे कर्ज नव्वद हजार कोटींच्या पुढे होते आणि त्यात म्युच्युअल फंडांचा, भविष्यनिर्वाह निधींचा, म्हणजे पर्यायाने नोकरदारांच्या बचतीचा पैसा अडकला होता. तीस वर्षांचा रस्ता तीन महिन्यांच्या उसनवारीवर बांधण्याचा हा प्रकार. कर्ज टाटा स्टीलच्या डोक्यावरही प्रचंड होते. ते कधी मागितले जाणार याच्या तारखा तिने आपल्या हाती ठेवल्या होत्या, एवढाच काय तो फरक.

पोलाद उद्योगातले उदाहरण तर आणखी बोचरे आहे. भूषण स्टीलने ओडिशात मोठा कारखाना उभारला आणि कर्जाच्या डोंगराखाली ती दबली. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरी प्रक्रियेकडे पाठवलेल्या पहिल्या बारा बड्या थकबाकीदारांत तिचे नाव होते. धनकोंचे दावे सुमारे ५६ हजार कोटी रुपयांचे होते. मे २०१८ मध्ये ती कंपनी घेतली टाटा स्टीलनेच, आणि धनकोंना मिळाले ३५,२०० कोटी. उरलेल्या रकमेवर बँकांना, त्यातही सरकारी बँकांना, पाणी सोडावे लागले. स्वतः कर्जाने वाकलेल्या कंपनीने दुसरी कर्जबुडवी कंपनी पुन्हा कर्ज काढून घ्यावी, हे वरकरणी विपरीत वाटते. पण धनको नेमके हेच तोलतात : कोणावर किती कर्ज आहे यापेक्षा कोणाला आणखी कर्ज मिळू शकते.

तरीही या खेळाला मर्यादा होती आणि ती मार्च २०२० मध्ये स्पष्ट दिसू लागली. ३१ मार्च २०२० रोजी टाटा स्टीलचे निव्वळ कर्ज १,०४,७७९ कोटी रुपये होते आणि ते वर्षाच्या ढोबळ नफ्याच्या जवळपास सहापट होते. टाळेबंदीमुळे देशातील मागणी थिजली होती. ही स्थिती दोन वर्षे टिकली असती तर कोणत्याही वित्तप्रमुखाच्या हातचलाखीला यश आले नसते. टिकली नाही. जगभर पोलादाचे भाव उसळले. कंपनीने नवे प्रकल्प रोखून धरले, आलेला पैसा कर्जाकडे वळवला आणि एका वर्षात निव्वळ कर्ज २९ हजार कोटींहून अधिक रकमेने उतरून ७५,३८९ कोटींवर आले. २०२१-२२ मध्ये निव्वळ नफा ४१,७४९ कोटी रुपये झाला. मार्च २०२२ मध्ये निव्वळ कर्ज ५१,०४९ कोटींवर, म्हणजे वर्षाच्या ढोबळ नफ्यापेक्षाही कमी भरले. वार्षिक व्याजखर्च साडेसात हजार कोटींहून साडेपाच हजार कोटींच्या आत आला. जे काम चौदा वर्षांच्या रोखेविक्रीने, फेररचनेने आणि जमीनविक्रीने झाले नव्हते ते दोन वर्षांच्या भाववाढीने केले. त्या जुन्या खटाटोपाचे श्रेय एवढेच की, अशी दोन वर्षे येईपर्यंत कंपनी दारात उभी होती.

परंतु मुदत फुकट मिळत नाही, आणि ती विकत घेताना मोजलेल्या किमतीचा मोठा हिस्सा ताळेबंदाच्या व्याजाच्या रकान्यात सापडत नाही. २००७, २००९, २०११ आणि पुन्हा २०१८ मध्ये भांडवल उभारणी झाली. २०१८ ची हक्कभाग विक्री सुमारे १२,८०० कोटींची होती. जुन्या भागधारकाने प्रत्येक वेळी खिशातून आणखी पैसे तरी घातले, नाही तर आपला वाटा कमी होताना पाहिला. २०१६ मध्ये ब्रिटनमधील लाँग प्रॉडक्ट्स हा विभाग ‘ग्रेबुल कॅपिटल’ला नाममात्र एका पौंडाला देऊन टाकण्यात आला, तीन वर्षांत तो दिवाळखोरीत गेला.

सर्वांत जुने आणि सर्वांत लांब मुदतीचे कर्ज तर कर्ज म्हणून ओळखलेच जात नव्हते. ब्रिटिश स्टील पेन्शन योजनेचे सुमारे एक लाख तीस हजार सदस्य होते. कारखान्यात उभा जन्म घालवलेल्या कामगारांना म्हातारपणी दरमहा ठरावीक रक्कम देण्याचे हे वचन कोरसबरोबर टाटांकडे आले होते. बाजारात व्याजदर घटले की अशा वचनाचे आजचे मूल्य फुगते; कंपनीने एक पैही नव्याने उसनी न घेता तिची देणी वाढतात. सप्टेंबर २०१७ मध्ये नियामकांच्या संमतीने ही योजना कंपनीपासून तोडण्यात आली. टाटा स्टील यूकेने ५५ कोटी पौंड दिले आणि आपल्या मालकीतील ३३ टक्के हिस्सा योजनेच्या नावे केला. सदस्यांपुढे प्रामुख्याने दोन पर्याय राहिले : निवृत्तिवेतनात पुढे कमी वाढ देणारी नवी योजना किंवा सरकारी संरक्षण निधी. बँकेच्या कर्जाची मुदत वाढते, कारण बँक टेबलापलीकडे बसून अटी घालू शकते. निवृत्त कामगाराला त्याच्या देण्याची फेररचना झाल्याचे पत्राने कळते.

आता त्या भिंतीविषयी. परदेशातील कर्जाची झळ जमशेदपूरला लागू नये म्हणून ती बांधली होती आणि कायद्याच्या भाषेत ती कधीच पडली नाही. व्यवहारात मात्र तिला वारंवार दारे पाडावी लागली. मुलीचे देणे थकले तर आईची पत जाते, हे धनको जाणतात आणि आईही जाणते. मे २०२४ मध्ये टाटा स्टीलच्या संचालक मंडळाने सिंगापूर येथील उपकंपनीत २.११ अब्ज डॉलर भांडवल घालण्यास संमती दिली. परदेशातील कर्जफेड आणि ब्रिटनमधील पुनर्रचना हे त्यामागचे कारण होते. २०१४ चे ते एक अब्ज डॉलरचे दहा वर्षांचे रोखे याच वर्षी देय होते. जमशेदपूर आणि कलिंगनगरने कमावलेला पैसा लंडनच्या लिलावाचे बिल भागवत होता. फक्त भागवण्याचा दिवस सतरा वर्षे लांबवता आला.

३० सप्टेंबर २०२४ रोजी वेल्समधील पोर्ट टॅलबट येथील अखेरची झोतभट्टी थंडावली. दोन हजारांहून अधिक नोकऱ्यांवर गदा आली. तिच्या जागी सव्वा अब्ज पौंड खर्चाची विद्युतभट्टी येत असून त्यातले ५० कोटी पौंड ब्रिटिश सरकार देत आहे. इकडे कलिंगनगरच्या दुसऱ्या टप्प्यावर सुमारे २७ हजार कोटी रुपये खर्च झाले. परिणामी निव्वळ कर्ज पुन्हा चढू लागले आणि ३१ मार्च २०२५ रोजी ते ८२,५७९ कोटी रुपयांवर पोहोचले. मिळकतही वाढलेली असल्याने २०२० च्या तुलनेत हा भार पेलण्याजोगा आहे. कोरसच्या वारशातला उरलेला मोठा कारखाना नेदरलँड्समधील आयमायडन येथे आहे. प्रदूषण कमी करण्यासाठी तिथल्या भट्ट्या बदलाव्या लागणार आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये डच सरकार आणि कंपनी यांच्यात इरादापत्रावर सह्या झाल्या. त्यानुसार सरकारी मदतीची कमाल मर्यादा दोन अब्ज युरो आहे. खर्चाचा उरलेला वाटा कंपनीला घालायचा आहे. तो आयमायडनच्या स्वतःच्या मिळकतीतून निघेल, की त्या भिंतीला आणखी एक दार पाडावे लागेल, हे अंतिम करार झाल्यावर कळेल.